गावासाठी आलेली बंदूक

त्या बंदुकीचा अर्ज माझ्या हातचा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी पुष्कळांवर तोंड सोडणार आहे, आणि त्यातून मी स्वतःला वगळलं असं कुणी म्हणायला नको.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. देवळाली प्रवऱ्याकडच्या शेतकरी घरातला, फायनल पास झालेला, लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. पुणतांब्याच्या खालच्या अंगाला गोदावरीकाठच्या एका गावात माझी नेमणूक होती. नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. हद्द कागदावर होती, एरवी काही नव्हतं. पलीकडच्या गावांत आमच्या लेकी दिलेल्या होत्या, तिकडच्या इकडे आल्या होत्या. उन्हाळ्यात पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं की माणसं चालत बाजाराला येत.

सत्तेचाळीस साली आमच्या चावडीवर झेंडा लागला. पलीकडे लागला नाही. त्या दिवाळीनंतर पलीकडची माणसं गाठोडी घेऊन येऊ लागली. हत्यारबंद टोळ्या गावात शिरतात, कणग्या फोडतात, घरं पेटवतात, असं सांगू लागली. आमच्या गावात भीती शिरली. ती खोटी नव्हती. संध्याकाळी नदीपलीकडे धूर दिसायचा आणि बाया पोरांना आत ओढायच्या.

चावडीवर सभा बसली. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "इतके दिस इंग्रजाचा कायदा हुता. आता आपलं राज आलं. मंग बंदुकीला परवाना कशापायी? ज्याला पायजे त्यानं घ्यावी."

मला ते इतकं पटलं की मी उभा राहून भाषणच ठोकलं. हत्यारांचा कायदा करून इंग्रजानं आपल्याला दुबळं केलं, शेतात डुक्कर शिरलं तरी आपण डबे बडवत बसतो, उद्या टोळी आली तर काय डबे बडवणार? घरटी एक बंदूक पाहिजे, तो आपला हक्क आहे. टाळ्या पडल्या. मला वर्गाबाहेर टाळ्या मिळण्याची सवय नव्हती. चढलो.

चावडीच्या पायऱ्यांखाली, उन्हात, महारवाड्यातली माणसं उभी होती. त्यांच्यात एक चाळिशीचा माणूस होता. पलटणीत नाईक होता, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढून आला होता. त्याच्या वस्तीतले लोक त्याला नाईक म्हणत. गाव त्याला नुसत्या नावानं, अरेतुरेनं हाक मारी. मी इथं नाईकच म्हणणार आहे.

ते खालूनच म्हणाले, "मास्तर, एक इचारू का?"

"विचारा."

"गोळी लागलेला मानूस तुमी कदी पाह्यलाय का?"

"नाही."

"मंग घरटी बंदूक कशाला मागताय? घरटी भांडन हाय. बांधावरनं हाय, पान्यावरनं हाय, भावकीत हाय. आज ते कुऱ्हाडीच्या दांड्यावर भागतंय. घरात बंदूक आली की दांड्यावर भागनार न्हाई." मग म्हणाले, "बंदुका नकोच असं मी म्हनत न्हाई. चार मागा. चावडीत कुलपात ठिवा. ज्याला चालवता येती त्याच्याच हातात द्या, आनि पहारा उठला की काडतुसं मोजून परत घ्या. पलटणीत असंच हुतं."

पाटील लोडाला टेकून बसले होते. म्हणाले, "ज्याला चालवता येती म्हंजे तुज्या हातात, व्हय रं?"

चावडी हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज जितकी चीड येते तितकी त्या दिवशी यायला हवी होती.

गावाच्या वतीनं मी दहा बंदुकांचा अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं, भाषा सरकारी कागदाला शोभेल अशी होती. दोन दिवसांनी नाईक शाळेच्या दाराशी आले आणि म्हणाले, माझाही एक लिहून द्या. मी लिहिला. पलटणीतली नोकरी, लढाई, नेमबाजीतलं कौशल्य, सगळं घातलं. दोन्ही अर्ज एकाच टपालानं गेले.

चौकशीला तालुक्याहून साहेब आले. ते पाटलांच्या ओसरीवर बसले, पाटलांकडेच जेवले. नाईकांना बोलावणं आलं तेव्हा ते अंगणात उभे राहिले. साहेबांनी दोनच प्रश्न विचारले. जमीन किती? सारा किती भरतोस? बंदूक कशी धरायची, काडतूस कुठं ठेवायचं, कुणावर चालवायची आणि कुणावर नाही, हे ना त्यांना विचारलं, ना पाटलांना.

दोन महिन्यांनी हुकूम आला. गावासाठी एक बंदूक, पाटलांच्या नावावर. नाईकांचा अर्ज नामंजूर, कारण अर्जदार प्रतिष्ठित इसम नाही.

लोक म्हणतात, आपल्याकडे बंदुकीचा कायदा फार कडक. मी ऐकलं की माझं डोकं फिरतं. कडक कुणासाठी? ज्यानं सहा वर्षं बंदूक अंगाखांद्यावर वागवली त्याच्यासाठी कडक. ज्यानं आयुष्यात कधी फटाक्याशिवाय काही उडवलं नाही त्याच्यासाठी कायद्यानं दार उघडून वर पाटही मांडला. कायदा माणसाची अक्कल पाहत नव्हता, हात पाहत नव्हता, सातबारा पाहत होता. आणि ज्यांना कायदाच नको होता, माझ्यासारखे भाषणं ठोकणारे, त्यांना निदान हे तरी दिसायला हवं होतं. मला दिसलं नाही. मी पाटलांनी वाटलेला पेढा खाल्ला.

बंदूक आली, बारा बोअरची दुनळी. पाटलीणबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पाटील साठीला आलेले, त्यांचे हात थरथरत. म्हणून बंदूक वापरायची त्यांच्या थोरल्या मुलानं असं ठरलं. हा पंचविशीचा गडी, कुस्त्या खेळणारा, मनानं वाईट नव्हता. पण बंदूक खांद्याला लागली आणि त्याची चाल बदलली. बाजारात जाताना बंदूक, मळ्यात जाताना बंदूक. एकदा शाळेतही घेऊन आला आणि पोरांना दाखवत बसला. मी त्याला बाहेर काढायला हवं होतं. मी त्याला खुर्ची दिली.

नाईकांनी स्वतः होऊन पाटलांना सांगितलं, पोराला मी शिकवतो. पाटील तयार झाले, पण बंदुकीची पूजा झालेली, तिला यांचा हात लागायला नको. मग शिकवणं असं झालं, की पाटलाचा मुलगा अंगणात बंदूक घेऊन उभा आणि दहा हातांवर नाईक हातात काठी घेऊन उभे. काठी खांद्याला लावून दाखवायची, काठीचा दस्ता, काठीचा चाप. मी ते पाहायला गेलो होतो. पाहून मान खाली घालून परत आलो, एवढंच.

नाईक त्याला पुन्हा पुन्हा एकच सांगत, "मानूस वळखल्याबिगर बोट चापावर न्हाई ठिवायचं. हवंतर पळून जा. पन वळखल्याबिगर न्हाई."

तिसऱ्या दिवशी पाटलाचा मुलगा म्हणाला, "आलं मला आता." चौथ्या दिवशी नाईकांनी अंगणात वाट पाहिली. तो आला नाही.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात पलीकडचं एक गाव जळालं. तो धूर आम्हाला दिवसभर दिसत होता. गावानं नदीवर पहारा बसवला. पाळ्या लावल्या. इशारा द्यायला माझ्याकडे शाळेची घंटा दिली होती.

माझी पाळी पहाटेची. झुंजुमुंजू झालं होतं. नदीवर धुरासारखी पांढुरकी वाफ होती. नाईक माझ्याजवळच दगडावर बसले होते, त्यांच्याकडे काठी. पाटलाचा मुलगा मागे आंब्याखाली बंदूक छातीशी धरून पेंगत होता. पलीकडच्या उतारावर काहीतरी हललं. मग पाण्यात हललं. पाच, सहा, सात आकृत्या, आमच्या दिशेनं येणाऱ्या.

नाईक उठून उभे राहिले, डोळ्यांवर हात धरून पाहू लागले. हळूच म्हणाले, "थांबा मास्तर. त्यांच्या डोक्यावर गाठोडी हायती. मारायला येनारा मानूस गाठोडं घिऊन येत न्हाई."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी घंटा वाजवायला लागलो होतो. ऐकू आलं होतं मला. शब्द न् शब्द ऐकू आला होता. पण हात थांबला नाही. मी घंटा बडवत होतो आणि ओरडत होतो, "आले! आले!"

पाटलाचा मुलगा झोपेतून दचकून उठला आणि धावत काठावर आला. नाईक दोन्ही हात पसरून त्याच्या आडवे गेले, "न्हाई! मारू नगा! मानसं हायती आपली!" त्यानं त्यांना कोपरानं बाजूला सारलं आणि दोन्ही नळ्या झाडल्या.

आवाज नदीवरून घुमत गेला. मग पाण्यातून एका पुरुषाचा आवाज आला, आमच्याच बोलीतला. "अरे का मारताय रं? आमी कुनबी हाय, कुनबी!"

नाईक सरळ पाण्यात धावले. मी काठावरच उभा होतो, हातात घंटा तशीच.

एक बाई पडली होती. तेवीसचोवीस वर्षांची असेल. माझी धाकटी बहीण त्याच वयाची होती. मान आणि छाती छऱ्यांनी चाळणी झाली होती. तिचं गाठोडं पाण्यात सुटलं होतं आणि त्यातली बाजरी प्रवाहाबरोबर पसरत चालली होती. तिच्या मागे तिचा नवरा होता. त्याच्या पाठीवर त्याची म्हातारी आई होती, म्हणून त्याला बायकोला झटकन धरताही येईना. नाईकांनी त्या बाईला दोन्ही हातांवर उचलून आणलं. बंदुकीला त्यांचा हात चालत नव्हता. हे मात्र त्यांच्याकडेच आलं, तेव्हा कुणी काही बोललं नाही.

तिला शाळेत ठेवलं, कारण जवळ तेवढीच एक जागा कुणाचं राहतं घर नव्हती. बैलगाडी जुंपून तिला डॉक्टरकडे न्यायचं ठरत होतं. पण नाईकांनी तिच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. नवरा तिच्या उशाशी बसून राहिला. ती दोनदा पाणी मागून दुपारच्या आत गेली.

पाटलाचा मुलगा घरात कडी लावून बसला. तो रडत होता असं ऐकलं. रडो. मला त्याची कीव करायची नाही.

दुपारी फौजदार आले. पाटलांच्या ओसरीवर बराच वेळ बोलणं झालं, मग मला बोलावलं. पंचनामा लिहायचा होता आणि बरोबरच्या जमादाराचं अक्षर बरं नव्हतं. फौजदार सांगू लागले, मी लिहू लागलो. टोळी नदी उतरून येत होती. गावकऱ्यांनी इशारा दिला. चकमक उडाली. पलीकडच्या काठावरून आलेली गोळी लागून एक अनोळखी बाई मयत झाली.

माझी लेखणी थांबली. पाटील म्हणाले, "लिव्हा मास्तर. गेलेली बाई का परत येनार हाय? गावाची अब्रू हाय. आनि परवाना गेला तर उद्या टोळीपुढं कोन उभं ऱ्हानार, तुमी?"

मी लिहिलं. कुणी माझ्या मानेवर सुरी धरली नव्हती. शाळा पाटलांच्या जागेत होती, खोली त्यांच्या वाड्यामागे होती, आणि घंटा मी वाजवली हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या कागदात माझंही पाप लपत होतं, म्हणून मी लिहिलं. सुबक अक्षरात, एकही खाडाखोड न करता.

पंच म्हणून सह्या, अंगठे झाले. नाईक काठावर होते म्हणून त्यांनाही बोलावलं. फौजदारांना वाटलं अंगठा उठवील. नाईकांनी कागद मागितला. पलटणीत ते वाचायला शिकले होते. अंगणात उभ्यानं त्यांनी तो अक्षर लावत लावत पूर्ण वाचला.

"हे खोटं हाय, साहेब. बाईच्या अंगात छर्रे हायती. पलीकडून कोनी गोळी मारली न्हाई. आनि पलीकडून मारल्याले छर्रे इथवर येत बी न्हाईत."

"तू सही करतोस की नाही?"

"न्हाई."

त्यांना जायला सांगितलं. जाताना ते माझ्याजवळून गेले. मला वाटलं शिवी देतील. ते तसेच पुढं निघून गेले.

त्या बाईचा नवरा आणि म्हातारी धर्मशाळेत राहिले. आठवड्यानं तो संध्याकाळी शाळेत आला, दाराशी टेकला.

"मास्तर, तुमचं अक्षर लई चांगलं हाय म्हनत्यात."

मी पुढ्यातल्या वह्या बाजूला सारल्या.

"मला बंदुकीचा अर्ज लिवून द्या."

"तुम्हाला? बंदूक?" माझा आवाज चढला. "बायको बंदुकीनं गेली तुमची, आणि तुम्हाला बंदूक पाहिजे?"

"व्हय," तो म्हणाला. "तिकडं ज्यांच्याकडं बंदूक हुती त्यांनी आमाला हाकललं. हिकडं ज्याच्याकडं हुती त्यानं मारलं. दोनी बाजूला बिनबंदुकीचे आमीच. मंग मी काय करू, सांगा."

नाईकांचं म्हणणं मला आता कळलं होतं, कुलूप, मोजदाद, शिकलेला हात. पण ते या माणसाला कुठल्या तोंडानं सांगू? मी त्याला म्हटलं, परवाना जमीनवाल्याला मिळतो, तुमची जमीन मोगलाईत, तुम्हाला देणार नाहीत. तो म्हणाला, "मला ठाव हाय देनार न्हाईत. तरी लिवा. मागितली हुती असं तरी ऱ्हाऊ द्या."

मी नाही लिहिला. तो गेल्यावर मी फळ्यावर डस्टर फेकून मारलं. मग महारवाड्यात गेलो. त्या वस्तीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. नाईक दारात खाटेची सुतळी ओढत होते.

"नाईक, नगरला जाऊ. मी खरा जबाब देतो."

त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. "आता सुचलं व्हय?" एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते धुतलेला खाकी सदरा घालून वेशीवर उभे होते.

नगरच्या कचेरीत तीन दिवस बसलो. एका बाकावर मी, नाईक भिंतीशी उभे. मी किती वेळा बसा म्हटलं, ते बसले नाहीत. तिसऱ्या दिवशी एका अधिकाऱ्यानं आत घेतलं. त्यानं पंचनामा काढून माझ्यापुढे धरला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"सही?"

"माझी."

"मग तेव्हा खोटं लिहिलंत की आता खोटं बोलताय? दोन्हींत गुन्हा तुमचाच होतो, मास्तर. विचार करून या."

मी म्हणालो, "तेव्हा खोटं लिहिलं. गुन्हा असेल तर नोंदवा. पण ती बंदूक त्या घरातून काढून घ्या."

"हद्दीवरच्या गावातली बंदूक काढून घ्यायची? या दिवसांत?" तो हसला. नाईकांना त्यानं एक शब्द विचारला नाही. त्यांनी बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

माझा जबाब लिहून घेतला. नंतर दोन महिन्यांनी एका ओळीचा कागद आला, चौकशीत काही निष्पन्न झालं नाही असा. त्याच्या आधी माझी बदली आली होती, सहामाही संपली की पारनेरच्या माळावरच्या एका गावात रुजू व्हायचं होतं. नाईकांना गावानं कामाला बोलावणं बंद केलं. त्यांची बायको कुणी घागरीत पाणी ओतेल म्हणून विहिरीजवळच्या बांधावर उभी राही, तिला तिथूनही हाकलू लागले. ते पावसाळ्यात बायकोमुलांना घेऊन पुण्याकडे निघून गेले. मला भेटून गेले नाहीत. मला त्यांचा राग येत नाही.

सप्टेंबरात सरकारी फौजा मोगलाईत शिरल्या आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं. पलीकडे झेंडा लागला. ज्या भीतीपोटी बंदूक आणली ती भीती संपली. बंदूक मात्र पाटलांकडेच राहिली, दर वर्षी परवाना नवा होत राहिला. कुणी विचारलं नाही, आता कशाला?

पारनेरला जायच्या आधी सामान आवरत होतो, त्या दिवसांत पलीकडची माणसं घरी परतत होती. नदीला पाणी होतं, नाव चालू होती. त्या बाईचा नवरा म्हातारीला घेऊन काठावर आला. मी मुद्दाम गेलो. कागदाचं सगळं सांगून टाकलं, काय लिहिलं, कुणी लिहिलं, नगरला काय झालं.

त्यानं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे कागदावर तिला आमच्याच बाजूच्या गोळीनं मारलंय?"

"हो."

"मंग फाडा त्यो कागद."

"तो आता माझ्या हातात नाही."

"लिवताना हुता ना?"

म्हातारीला त्यानं उचलून नावेत बसवलं. नावाड्यानं मला विचारलं, मास्तर, येताय का पलीकडं? मी नाही म्हटलं. नाव निघाली तेव्हा काठावर मी एकटाच होतो. मागे गावात कुठंतरी पाटलाच्या मुलानं पाखरं उठवायला बार काढला, आणि नावेतली सगळी माणसं एकदम खाली वाकली.